मौन म्हणजे संमती नव्हे : मुलांना इंग्रजीत चर्चा कशी शिकवावी?

सिन्नरच्या आसपास मुसळगाव आणि माळेगाव येथे कारखाने उभे राहिले. ज्या घरांतील माता-भगिनींनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्या घरांतील मुले-मुली आज डिप्लोमा, बी.कॉम., इंजिनिअरिंग करून नोकरीच्या दारात उभी आहेत. मार्क चांगले असतात, लेखी परीक्षाही पार पडते. पण पुढे ‘ग्रुप डिस्कशन’ नावाची पायरी येते आणि तेथे आमची मुले मुकी होतात.

आठ-दहा उमेदवारांना एकत्र बसवून एक विषय दिला जातो आणि पंधरा-वीस मिनिटे इंग्रजीत चर्चा करायला सांगतात. कोण मुद्द्याला धरून बोलतो, कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण सर्वांना एका निर्णयापर्यंत नेतो, हे परीक्षक पाहत असतात. जो तोंड उघडत नाही त्याची हुशारी त्यांना कळणार कशी?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’ इंग्रजी पुस्तकात तर गटचर्चेवर स्वतंत्र पाठ आहे. परंतु तो पाठही बहुतेक मुले वहीत उतरवून पाठ करतात. विहिरीत न उतरता पोहणे शिकण्यासारखेच हे झाले!

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते रविवारी मुलांना जमवून चर्चेचा सराव घेतो. कोणत्याही वस्तीत करता येईल अशी ही पद्धत आहे.

विषय घरचा, शब्द हाताशी

पहिली गोष्ट, विषय मुलांच्या जगण्यातला हवा. आम्ही असा प्रश्न दिला : जयंतीच्या वर्गणीतून खर्च वजा जाता २०,००० रुपये उरले आहेत असे समजा. अभ्यासिकेला पुस्तके घ्यावीत, वस्तीसाठी पाण्याची टाकी घ्यावी, की दहावीच्या गरीब मुलांची क्लासची फी भरावी? काम एकच निवडायचे आणि ते सर्वांना मान्य व्हायला हवे.

पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. प्रत्येकाने आपले मत आणि त्याचे एक कारण वहीत लिहायचे. मराठीत लिहिले तरी चालते, कारण मतच तयार नसेल तर इंग्रजी शब्द कशाला चिकटणार? नंतर दोघादोघांच्या जोड्या, मग चौघे, मग आठ जण. प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय. दोघांत बोलून झालेले वाक्य चौघांत बोलताना जीभ अडखळत नाही. इंग्रजी शिकविणारे शिक्षक या पद्धतीला ‘पिरॅमिड डिस्कशन’ म्हणतात.

फळ्यावर मोजकी वाक्ये लिहून ठेवावीत. मत मांडताना ‘आय थिंक’ आणि लगेच ‘बिकॉज’. मान्य असेल तर ‘आय ॲग्री विथ यू’. मान्य नसेल तर ‘आय सी युवर पॉइंट, बट’. गप्प असलेल्याला ‘व्हॉट डू यू थिंक?’ आणि शेवटी ‘सो वुई ऑल ॲग्री’. एवढ्या शिदोरीवर तासभर चर्चा होते. विरोध करणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, मगच विरोध करायचा, हा नियम कडक पाळावा. चर्चा चालू असताना शिक्षकाने व्याकरणाच्या चुका काढू नयेत. टिपून ठेवाव्यात आणि शेवटी, कोणाचे नाव न घेता, फळ्यावर दुरुस्त कराव्यात.

गटात कामेही वाटून द्यावीत. एक अध्यक्ष, एक वेळ पाहणारा, एक नोंद घेणारा. चौथा सर्वांत महत्त्वाचा : जो बोलला नाही त्याला विचारणारा.

दोन मोडकी वाक्ये

याच चौथ्याने एका गटात नववीतल्या मुलीला विचारले. तोवर सात जणांचे पुस्तकांवर एकमत झाले होते. ती हळूच म्हणाली, “वॉटर टँक. माय मदर वेक अप थ्री ओ’क्लॉक.” व्याकरण चुकले होते, पण मुद्दा सर्वांना कळला. नळाला पाणी अपरात्री येते आणि साठवायला जागा नाही, हे सातही जणांना घरून ठाऊक होते. पुन्हा चर्चा झाली. उन्हाळ्याआधी टाकी आणि पुढच्या वर्षीच्या शिलकीतून पुस्तके, असे आठही जणांनी ठरविले. हात वर करून मोजणी केली असती तर सातास एक असा निकाल लागून ती मुलगी घरी गेली असती.

बहुमत आणि एकमत यांतील फरक येथे आहे. मोजणी एका मिनिटात होते. एकमतासाठी विरोध करणाऱ्याला विचारावे लागते की, “काय बदलले तर तुला हे मान्य होईल?” तरीही त्याला पटले नाही, तर त्याचे मत नोंदवून ठेवावे. त्याला दटावून ‘हो’ म्हणवून घेऊ नये. उपोषणाच्या दडपणाखाली २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सही झाली, तिचा सल आपला समाज आजही विसरलेला नाही. दडपणाखालची संमती किती टिकते, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

संघाची रीत

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते : ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदानसुद्धा. विनयात महत्त्वाच्या कामाची रीत अशी आहे की, प्रस्ताव संघापुढे मांडावा, तीनदा विचारावे, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे आणि ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे.

तेथे मौन ही संमती मानली जाई, कारण प्रत्येकाला बोलता येत होते आणि तीनदा संधी मिळत होती. इंग्रजीच्या वर्गात मात्र मौनाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की शब्द सापडत नाहीत. म्हणून आधी शब्द द्यावेत, मग पाळी द्यावी आणि त्यानंतरच निर्णय विचारावा.

पालकांनो, महागडा क्लास लावण्याआधी वस्तीतली आठ मुले-मुली एकत्र बसवा. फळा, खडू आणि रविवारचा एक तास एवढेच भांडवल लागते. मुलींना मागच्या रांगेत बसवू नका, आणि त्यांना सर्वांत शेवटी विचारू नका.