तू मला, मी तुला: एका ‘श’ची करामत

मुरबाड-शहापूरकडे आषाढात भाताची आवणी सुरू झाली, की आज एकाच्या खाचरात वाकलेली माणसं उद्या दुसऱ्याच्या खाचरात दिसतात. मजुरी कुणी मोजत नाही, श्रमाची फेड श्रमानंच होते. ही सावड. पण ‘आम्ही एकमेकांची आवणी केली’ म्हणायला आपल्याला ‘एकमेकांची’ हा अख्खा शब्द खर्चावा लागतो. जुन्या तुर्की भाषांचं काम एका ‘श’वर भागायचं.

‘उर्’ म्हणजे मारणे. ‘उरुश्’ म्हणजे एकमेकांना मारणे, लढणे. ‘कोर्’ म्हणजे पाहणे. ‘कोरुश्’ म्हणजे एकमेकांना पाहणे, म्हणजेच भेटणे! मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यात इ.स. 732 चा शिलालेख उभा आहे. त्यातल्या लढायांच्या वर्णनातही हा ‘श’ भेटतो. पुढे 1070 च्या दशकात महमूद काश्गरीनं बगदादमध्ये तुर्की शब्दांचा अरबी कोश रचला. हा ‘श’ चढाओढ दाखवतो तसा मदतही दाखवतो, हे त्यानं टिपून ठेवलं. ‘साग्’ म्हणजे दूध काढणे, ‘सागिश्’ म्हणजे दुसऱ्याला दूध काढू लागणे. म्हणजे भांडण आणि सावड, दोन्हींना प्रत्यय एकच!

आणि मराठी? ती धातूच दोनदा म्हणते. मारामारी, खेचाखेची, ढकलाढकली: पहिला ‘मार’ माझा, दुसरा तुझा, मधला ‘आ’ दोघांना भिडवणारा, शेवटची ‘ई’ गाठ मारणारी. संस्कृतातल्या केशाकेशी, मुष्टामुष्टीचा साचाही असाच. पाणिनीनं अशा परस्पर क्रियेला नाव दिलं कर्मव्यतिहार, म्हणजे क्रियेची अदलाबदल. ‘ई’ नसलेले धावाधाव, रडारड घ्या. तिथे कुणी कुणाला भिडत नाही, सगळेच एकदम धावतात, रडतात. गंमत म्हणजे किरगिझ ह्या तुर्की कुळातल्या भाषेत तोच ‘श’ ‘ते सगळे’ असं अनेकवचनही दाखवतो.

मारामारीतली ‘ई’ काढली, तर मात्र भांडण जाऊन टंचाई उरते: मारामार. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची मारामार, आणि टँकर आला की हंड्यांची ढकलाढकली. ह्या पाण्याच्या व्यवहाराला काश्गरीचा ‘श’ लावायचा म्हटलं तरी लागणार नाही. त्याला दोन्हीकडून हात पुढे यावे लागतात.