दहा बाय दहाच्या जागेत अब्बाजींची अक्षरे

आमच्या घरातल्या फरशा एक-एक फुटाच्या आहेत, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या लेकीने हॉलमधला सोफा व्हरांड्यात काढायला लावला, दहा फरशा इकडे आणि दहा तिकडे मोजल्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. म्हणाली, "अम्मी, अब्बू, एवढीच जागा मिळणार आहे. आधी इथे मांडून बघू."

जागा होती नागपुरातल्या एका चार दिवसांच्या प्रदर्शनातली, आणि मांडायची होती अब्बाजींची अक्षरे. अब्बाजी म्हणजे तिचे दादा. मोमिनपुऱ्यात त्यांनी उभा जन्म कातिब म्हणून काढला. लग्नपत्रिका, मुशायऱ्यांची पोस्टर, दुकानांच्या पाट्या, मशिदीतली वेळापत्रके, सगळे बोरूने लिहिले. 1990 नंतर उर्दू अक्षरे संगणकावर आली आणि त्यांचे काम हळूहळू थांबले. गेले तेव्हा त्यांच्या पेटीत अकरा पाने शिल्लक होती. काही आयती, काही सुवचने आणि एक मश्कचे, म्हणजे सरावाचे, पान. ही पाने विकायची नाहीत यावर घरात कधी चर्चासुद्धा झाली नाही. पण पेटीत ठेवली तर ती पाहणार कोण? लेक तेव्हा चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने सुचवले, पाने घरात राहू द्या, त्यांच्या उत्तम छापील प्रती काढू आणि लोकांपुढे मांडू.

चित्राची छापील प्रत ही आपल्याकडे काही कमीपणाची गोष्ट नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगावला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाच्या चित्रांमुळेच राजवाड्यातली चित्रकला साध्या घरांच्या भिंतींवर आली. आपल्या घरांतल्या काबा-मदिन्याच्या तसबिरी आणि आयतुल कुर्सीच्या फ्रेमही छापीलच असतात. प्रश्न फक्त इतकाच, की छापील वस्तू छापील म्हणून विकली जाते का. हे आम्ही किती कठीण रीतीने शिकलो ते पुढे सांगतो.

आधी प्रदर्शन निवडा

नागपुरात असा स्टॉल मांडायचा तर हिवाळाच खरा. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी माणूस फिरकत नाही आणि फ्रेमच्या आतला कागदही फुगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. सिव्हिल लाईन्समधले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र 1986 पासून आहे. तिथला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा नागपूरकरांना ठाऊक आहेच. पण अशा हस्तकला मेळ्यांत जागा असते ती हातकामाच्या वस्तूंना. छापील प्रत चालेल का, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावे. शाळा-महाविद्यालयांची प्रदर्शने, पुस्तक प्रदर्शने, महिला बचत गटांचे बाजार असे पर्याय असतात. अर्ज भरण्याआधी एकदा नुसते प्रेक्षक म्हणून तिथे जाऊन यावे. लोक किती वेळ थांबतात, हातात कशा पिशव्या घेऊन बाहेर पडतात, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते.

काय छापता येते, काय नाही

अब्बाजींची पाने वारसाने आमचीच होती, म्हणून अडचण आली नाही. पण लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, रझासाहेबांच्या बिंदूची चित्रेही छापून ठेव, पटापट जातील. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले आणि चित्रकला शिकायला ते आले नागपूरच्या कलाशाळेत, 1939 मध्ये. त्यामुळे इथे त्यांच्याबद्दल आपलेपणा आहे. पण आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. रझासाहेब 2016 मध्ये वारले. म्हणजे 2076 संपेपर्यंत त्यांचे चित्र परवानगीवाचून छापून विकता येत नाही. मोबाइलवर चित्र सापडले म्हणून ते आपले होत नाही.

पाने स्कॅन करताना घाई करू नये. आम्ही 600 डीपीआयने स्कॅन करून घेतली. छापील आकारात किमान 300 डीपीआय तरी उरावे, नाहीतर बोरूची धार बोथट दिसते. शाई पिगमेंटची घ्यावी. साध्या रंगाची शाई उन्हात लवकर उडते. कागद आम्लरहित आणि जाडसर हवा. प्रत्येक पानाच्या तीसच प्रती काढायच्या असे आम्ही ठरवले आणि खाली पेन्सिलीने 1/30, 2/30 असे क्रमांक घातले. एकदा तीस म्हटले की एकतिसावी काढायची नाही.

भिंत नाही तिथे भिंत

आयोजक देतात ती जागा, दोन टेबले, दोन खुर्च्या आणि एक प्लग. टांगायला भिंत नसते. फॅब्रिकेशनवाल्याकडून आम्ही चौकोनी पाइपच्या चौकटीत वेल्डिंगची जाळी बसवून सहा जाळ्या केल्या, प्रत्येकी दोन फूट रुंद आणि सहा फूट उंच. त्यांवर न रंगवलेले मांजरपाट ताणून बांधले. पांढऱ्याशुभ्र कापडावर कागद मळका दिसतो आणि रंगीत कापड नजर ओढून घेते. मांजरपाटावर काळी अक्षरे उठून दिसली. टांगायला इंग्रजी एसच्या आकाराचे आकडे, आणि जाळीच्या पायांना वाळूच्या पिशव्या. वारा आला की आधी जाळी हलते, मग पडते. आम्ही दर पायाला दहा किलोची पिशवी बांधली.

हॉलमधल्या चिकटपट्टीच्या आत हे सगळे उभे केले तेव्हा तीन चुका घरातच सापडल्या. पहिली, टेबल पुढे आडवे लावले होते. त्यामुळे ते दुकानाच्या गल्ल्यासारखे दिसले, आत कोणी आलेच नसते. ते बाजूला सरकवले. दुसरी, अकराच्या अकरा पाने टांगली होती, डोळा कुठे ठरेना. मग एका जाळीवर एक मोठे नाहीतर दोन लहान, एवढेच ठेवले. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर आला की मान वर-खाली करावी लागत नाही. तिसरी चूक दिव्याची. दिवा समोरून मारल्यावर काचेत आमचेच चेहरे दिसू लागले. दिवा वरून तिरपा लावला, फ्रेमच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याचा तुकडा घालून ती किंचित पुढे झुकवली, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक घेतले. ते हलके असते आणि टेम्पोत फुटत नाही.

बिनफ्रेमच्या प्रती पारदर्शक पिशवीत, मागे पुठ्ठा घालून, लाकडी खोक्यात उभ्या ठेवल्या. लोकांना हाताने एकेक चाळून पाहायला आवडते. इथे अम्मींनी, म्हणजे लेकीच्या दादींनी, एक नियम घालून दिला. आयत असलेली प्रत जमिनीवर टेकणार नाही, खोके कमरेच्या वरच राहील, आणि कागदी पिशवीवर आयत छापायची नाही, कारण पिशवी शेवटी कचऱ्यात जाते. कोणत्याही धर्माचा ग्राहक असो, प्रत देताना तो कागदाचा अदब लेक दोन वाक्यांत समजावून सांगे. एकानेही वाईट मानले नाही.

आम्ही गप्प राहिलो ती वेळ

पहिल्या दिवशी किमती लिहिलेल्या नव्हत्या. लोक विचारतील, आपण सांगू, असे वाटले होते. बहुतेकांनी विचारलेच नाही, पाहिले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ फ्रेममधल्या प्रतीपुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "हाताचे काम आहे हे. पाच हजार देतो." आमची किंमत अठराशे होती. त्यांनी पाकीट बाहेरही काढले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. खोटे आम्ही बोललो नाही, पण खरेही बोललो नाही. तेवढ्यात लेक म्हणाली, "काका, ही छापील प्रत आहे. दादांच्या हातचे पान ते तिकडे आहे, ते विकायचे नाही." गृहस्थांनी पाकीट खिशात ठेवले आणि, "छापील कागदाचे अठराशे?" असे म्हणून ते निघून गेले.

रात्री परतताना लेकीने विचारले, "तुम्ही दोघे गप्प का राहिलात?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. भाडे निघेल की नाही याची काळजी होती, हे खरे. पण ते उत्तर नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रत्येक फ्रेमखाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. पान कोणी लिहिले, कधीचे, ही छापील प्रत आहे, तीसपैकी कितवी आहे आणि किंमत किती. त्या दिवशी विक्री दुपटीने झाली. किंमत दिसली की संकोच जातो, आणि काय विकत घेतो आहोत हे कळले की माणूस निर्धास्त होतो.

पावसाची संध्याकाळ

त्याच दिवशी संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. फेब्रुवारीत विदर्भाला तो नवा नाही, तरी आम्ही ताडपत्री नेली नव्हती. मांडवाच्या जोडातून पाणी गळू लागले. आम्ही धावलो ते खोक्यातल्या प्रतींकडे, ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मुळातच सुरक्षित होत्या. रस्त्यावरून दिसावे म्हणून अब्बाजींचे मश्कचे मूळ पान आम्हीच बाहेरच्या जाळीवर टांगले होते. त्याच्याकडे लक्ष गेले तोवर फ्रेमच्या वरून पाणी आत उतरले होते.

अब्बाजींची शाई काजळी आणि डिंकाची, घरी घोटलेली. ती पाण्यात विरघळते. तीन ओळींची शेवटची अक्षरे राखाडी होऊन खाली ओघळली. त्या पानाच्या एकोणतीस प्रती खोक्यात जशाच्या तशा होत्या.

घरी आल्यावर लेकीने ते पान दादींसमोर ठेवले आणि ती रडू लागली. अम्मींनी पान उजेडात धरून पाहिले. मग एवढेच विचारले, "बेटा, ही अक्षरे तुला येतात ना?" आमच्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

हिशेब

अनेक भगिनी विचारतात म्हणून पहिल्या वर्षाचे आकडे देतो. भाडे 9,000 रुपये, जाळ्या व कापड 6,500, छपाई व कागद 7,200, फ्रेम 5,400, दिवे, आकडे आणि टेम्पो 2,300. एकूण खर्च 30,400. विक्री अशी: 40 रुपयांची 85 पोस्टकार्डे, 350 रुपयांच्या 22 लहान प्रती, आणि 1,800 रुपयांच्या तीन फ्रेम. एकूण 16,500. म्हणजे 13,900 रुपये अंगावर आले. जाळ्या आणि दिवे पुढेही कामाला येणार होते, उरलेल्या प्रतीही होत्या, तरी पहिल्याच वर्षी नफा होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. घरखर्चातले पैसे यात घालू नका. आम्ही वर्षभर बाजूला टाकलेले घातले होते.

दुसऱ्या वर्षी नव्याने खर्च केला 17,000 आणि विक्री झाली 21,300. फरक पडला तो दोन गोष्टींनी. पोस्टकार्डे जास्त नेली, कारण शाळकरी मुलांच्या हाती चाळीस रुपये असतात, अठराशे नसतात. आणि लेक बोरू-दौत घेऊन टेबलाशी बसली. शंभर रुपयांत ती येणाऱ्याचे नाव लिहून देई, हवे तर उर्दूत, हवे तर देवनागरीत. लिहिणारा हात पाहायला लोक थांबत, आणि छापील व हाताचे यांतला फरक न सांगता त्यांना कळे. आता पेटीत नेहमी ताडपत्री, पाणसळ, जादा आकडे, सुतळी, कात्री, मऊ फडके, एक्स्टेंशन बोर्ड, पैसे घेण्याचा क्यूआर कोड आणि सुट्या नोटा असतात. मूळ पाने घराबाहेर काढत नाही.

ओले झालेले पान आम्ही दुरुस्त केले नाही. ते हॉलमध्ये टांगले आहे, आणि त्याच्या शेजारी लेकीने लिहिलेले तेच पान. ते लिहायला तिला सात महिने लागले, कारण अम्मी दर वेळी एखादे अक्षर परत लिहायला लावत. अजूनही त्या म्हणतात, नूनचा पोट थोडा उथळ आहे. तिच्या पानाच्या प्रती अजून काढलेल्या नाहीत. दादी हो म्हणतील तेव्हाच, असे ती सांगते.

यंदाचा अर्ज भरला आहे. सोफा पुन्हा व्हरांड्यात गेला आहे.