एकाच फायलीत नवं-जुनं

२०१० च्या अखेरीला फेडोरा १४ ही लिनक्सची नवी आवृत्ती आली आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. ब्राउझरमध्ये गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या ६४-बिट फ्लॅशवरची गाणी खरखरायला लागली. फ्लॅश तेच, गाणी तीच. मग आवाज बिघडला कसा?

माग काढत गेलं तर तो पोचला थेट जीलिबसीपर्यंत. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम या लायब्ररीच्या भरवशावर चालतात. तिच्यात मेमकॉपी नावाचं अगदी साधं फंक्शन आहे: मेमरीतला मजकूर इथून तिथे उतरवायचा. वेग वाढावा म्हणून ते काही प्रोसेसरांसाठी नव्याने लिहिलं होतं आणि आता ते शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवत होतं. एवढंच!

एवढ्याने काय होतं? करून बघा. पाच घरं आखा. पहिलं रिकामं, पुढच्या चारांत क, ख, ग, घ. प्रत्येक अक्षर एक घर डावीकडे उतरवायचं आहे. ‘क’पासून सुरुवात केलीत तर सगळं सुरळीत. पण ‘घ’पासून? ‘घ’ चौथ्या घरात लिहिला की तिथला ‘ग’ पुसला गेला. मग चौथ्यातला ‘घ’ तिसऱ्यात, तिसऱ्यातला दुसऱ्यात... शेवटी पाचही घरांत ‘घ’! गाण्यांचं असंच काहीसं होत होतं.

नियमाने चूक फ्लॅशची. घरं एकमेकांवर येत असतील तर मेममूव्ह हे दुसरं फंक्शन वापरा, असं सी भाषेचं प्रमाणच सांगतं. पण ऐकणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्याचीच बाजू घेतली, आणि मला ती पूर्ण पटते.

२०११ च्या जीलिबसी २.१४ ने काढलेला तोडगा बघून तर थक्क व्हायला होतं. एकाच फायलीत मेमकॉपी नावाची दोन फंक्शनं! जुन्या प्रोग्रामांसाठीच्या एकाला ‘जीलिबसी २.२.५’ अशी खूण, नव्यांसाठीच्या दुसऱ्याला ‘२.१४’. प्रोग्राम लिंक होतो तेव्हाच त्याच्यात नावाबरोबर खूणही नोंदली जाते, आणि चालू होताना, प्रोग्रामला लायब्ररीशी जोडून देणारा लोडर दोन्ही जुळवून बघतो. वाड्यात दोन सदाशिव असले, तरी जुन्या माणसांनी ‘सदा’ म्हटलं की थोरलाच ओ देतो, तसं. शिवाय जुन्या प्रोग्रामांना मिळणारं मेमकॉपी आतून चक्क मेममूव्हसारखं वागतं. म्हणजे त्यांची चूक लायब्ररीनेच पोटात घातली!

आवृत्तीची खूण नावाला जोडायची कल्पना मुळात सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमची. जीलिबसीने ती उचलली आणि एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदवल्या. तिच्या फायलीचं नाव ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’. जुने प्रोग्राम मोडतील असा बदल झाला की हा आकडा वाढवावा लागतो; पण त्यातल्या सहाचा १९९७ पासून आजवर सात झालेला नाही!

वाट मात्र एकेरी आहे. नवा प्रोग्राम जुन्या लिनक्सवर न्या. त्याला हवी ती खूणच तिथे नसते आणि तो सुरूच होत नाही. म्हणून सगळीकडे चालायला हवं ते मुद्दाम जुन्या लिनक्सवर बांधतात. पायथनच्या ‘मेनीलिनक्स २०१४’ पॅकेजांसाठी सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स घेतलं, ते त्यातल्या जुन्या जीलिबसी २.१७ साठीच.