क्षमा मिळाली, तरी परतफेड उरते

देव न्यायी असेल तर तो पाप्याला शिक्षेवाचून कसा सोडतो? ख्रिस्ती धर्मविचारातील हा जुना पेच मराठीत ओवीबद्ध झाला तो गोव्यात. सासष्टीत धर्मकार्य केलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. आदामाच्या पापापासून येशूच्या क्रूसावरील मरणापर्यंतची व पुनरुत्थानाची कथा त्यात सुमारे ११ हजार ओव्यांत येते. पापाचे देणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून ते देवानेच स्वतःवर घेऊन फेडले, हा या श्रद्धेचा गाभा. आपल्या कर्माचे फळ आपणच भोगायचे, या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला तो नवखा वाटणे साहजिकच होते.

मात्र क्षमा म्हणजे सोयीची सुटका, असे मानणे चुकीचे ठरेल. कॅथलिक परंपरेत पापकबुलीबरोबर मनापासूनचा पश्चात्ताप, पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त अपेक्षित असते. एवढे करूनही चोरलेली वस्तू परत करण्याचे, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू शक्य तितकी भरून देण्याचे कर्तव्य उरतेच. लूकच्या शुभवर्तमानात जकातदारांचा प्रमुख जक्कय लुबाडलेले चौपट परत करण्याचे सर्वांसमक्ष कबूल करतो. त्याच्या घराला तारण लाभल्याचे येशू त्यानंतरच सांगतो.