टायटॅनियमशीच जमतं बॉस!

विंडो सीट मिळाली की आपण काय बघतो? ढग, नाहीतर पंख. पण ड्रीमलायनरची खरी स्टोरी विंडोतून दिसत नाही. पंख धडाला जिथे जोडलाय, तिथे ती दडलीय.

बोइंग ७८७ च्या वजनातला निम्मा भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे मुख्यतः कार्बन फायबर आणि रेझिन. हलकं, दणकट, गंजाची भीती नाही. मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम शेजाऱ्याचा! कार्बनमधून वीज वाहते. त्याला ॲल्युमिनियम भिडलं आणि मध्ये ओल शिरली, की चक्क बॅटरी तयार. कार्बन मजेत, ॲल्युमिनियम मात्र खंगत जातं. म्हणून अशा जागी टायटॅनियम. महागडं, पण कार्बनशी त्याचं जमतं. विमानाच्या वजनात ते सुमारे १५ टक्के आहे.

बरं, रिव्हेट ठोकला आणि झालं, असंही नाही. भोक पाडताना ड्रिल जास्त दाबलं, तर आतले थर सुटतात आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.

२००९ मध्ये नेमका हाच सांधा नडला. जमिनीवरच्या चाचणीत तिथे अंदाजापेक्षा जास्त ताण आढळला आणि जूनमध्ये, अगदी तोंडावर आलेलं पहिलं उड्डाण पुढे ढकललं गेलं. मग ३४ ठिकाणी मजबुतीचं काम झालं. विमान उडालं थेट १५ डिसेंबरला! लाज गेली असेल, पण जीव वाचले असतील.

आणि कार्बन फ्रेमच्या सायकलवाल्यांनो, हसू नका. तुमची ॲल्युमिनियमची सीटपोस्ट घामाने आणि पावसाने अशीच फ्रेममध्ये जाम होते. शेवटची कधी काढून पुसली होती?