पपनसाचे सरबत आणि बडोद्याची गादी

पाकशाळा, कपट आणि सूड यांचा मेळ घालून ऐतिहासिक रहस्यकादंबरी रचू पाहणाऱ्या लेखकाला कल्पनेवर फारसा भार टाकावा लागू नये, असा एक खटला बडोद्याच्या इतिहासात होऊन गेला.

१८७४ साली कर्नल रॉबर्ट फेअर हे बडोद्यास इंग्रज सरकारचे रेसिडेंट होते. मल्हारराव गायकवाड यांच्या कारभारावर त्यांचा रोष होता आणि महाराजांच्या मनातही त्यांच्याविषयी अढी होती. २ नोव्हेंबर रोजी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता लिहून फेअर यांना बदलण्याची मागणी केली. ९ तारखेस सकाळी फेअर फिरून परतले. नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला मेजावर तयार होता. दोन-तीन घोट घेऊन त्यांनी उरलेले सरबत खिडकीबाहेर टाकले, तोच तळाशी राहिलेला काळसर गाळ त्यांच्या दृष्टीस पडला. तपासणीत त्यात सोमल निघाला. हिऱ्याची पूड असल्याचेही बोलले गेले.

अशा कामी सरबताचा उपयोग का व्हावा, हे समजण्यासारखे आहे. पपनसाचा रस मुळातच आंबट व किंचित कडवट. त्यात सोमलाची चव वेगळी कळणे कठीण. परंतु सोमल थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, तो खाली बसतो. जिभेला जे लपले, ते पेल्याच्या तळाने उघड केले.

पुढे तपास मुंबईच्या पोलिसांकडे गेला. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने पेल्यात पूड टाकल्याचे कबूल केले. महाराजांचे चिटणीस दामोदरपंत हेही सरकारपक्षाचे साक्षीदार झाले. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली. चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनवर तीन इंग्रज सभासद होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद होते. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलन्टाइन हे नामांकित वकील आले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी पोलिसांना सापडली होती. त्या पुडीवर आणि माफी मिळालेल्या साक्षीदारांच्या जबान्यांवर त्यांनी कसून हल्ला चढविला. रेसिडेन्सीचा बटलर पेद्रु डिसूझा याचेही नाव या कटात गोवले गेले होते. त्याने मात्र साक्षीत विषाचा आरोप साफ नाकारला.

अखेर कमिशन दुभंगले. इंग्रज सभासदांच्या मते महाराज दोषी होते. हिंदी सभासदांना आरोप शाबीत झालेला दिसला नाही. तथापि एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले, आणि कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, तर गैरकारभाराचे! त्यांचा कारभार निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच कारणासाठी खटला भरला गेला नव्हता. मल्हाररावांची रवानगी मद्रासेस झाली आणि १८८२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. बडोद्याच्या गादीवर बाल सयाजीराव आले.

सूड कोणी कोणावर उगविला? महाराजांनी रेसिडेंटवर, नोकरांनी धन्यावर, की फितुरांनी महाराजांवर? कादंबरीकाराला शेवटच्या पानावर अपराध्याचे नाव लिहिता येते आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. न्यायासनाला मात्र पुरावा लागतो. तो अपुरा पडला, तर संशयिताला दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. सहापैकी तीन सभासदांनी हे तत्त्व सांभाळले. तरी एका राजाचे राज्य गेलेच.