शार्क-सान्निध्यातील निमज्जन

शार्क माशांचा वावर असलेल्या समुद्रात श्वसनसाधनांसह किंवा त्यांच्याविना पाण्याखाली उतरून केलेला संचार. संशोधन, जलांतर्गत छायाचित्रण, मासेमारी व पर्यटन हे त्याचे प्रमुख हेतू होत. शार्क हे उपास्थिमीन वर्गातील मासे असून त्यांच्या ५०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. कोकण किनाऱ्यावर लहान शार्कना मुशी किंवा मोरी म्हणतात. बहुतेक जाती माणसाला निरुपद्रवी असून प्राणघातक हल्ल्यांपैकी बहुसंख्य हल्ले मोठा पांढरा शार्क, टायगर शार्क व बुल शार्क या तीन जातींकडून झालेले आहेत. तथापि पाणबुड्याचा धोका केवळ जातीवर अवलंबून नसतो. शार्कच्या वर्तनाचा अर्थ त्याला लावता येतो की नाही आणि त्या प्राण्याला निघून जाण्यासाठी तो वाट मोकळी ठेवतो की नाही, यांवर त्याची सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

धोक्याचे स्वरूप : शार्कदंशाच्या जगभरातील घटनांची पद्धतशीर नोंद १९५८ पासून ठेवली जात असून सांप्रत हे काम अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात चालते. या नोंदीत दंशांचे दोन वर्ग केले जातात. माणसाने कोणतीही आगळीक केलेली नसताना झालेला दंश तो अप्रक्षोभित. आणि शार्कला स्पर्श करणे, खाद्य भरविणे, भाल्याने मासे मारणे यांसारख्या कृतींतून ओढवलेला तो प्रक्षोभित. २०२४ मध्ये ४७ अप्रक्षोभित व २४ प्रक्षोभित दंशांची नोंद झाली. अप्रक्षोभित दंशांपैकी ४ प्राणघातक ठरले. समुद्रात उतरणाऱ्यांच्या प्रचंड संख्येच्या मानाने हे प्रमाण अत्यल्प आहे. परंतु प्रक्षोभित दंश बव्हंशी टाळता येण्याजोगे असतात, ही बाब पाणबुड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तळाशी शांत पडून राहणाऱ्या नर्स शार्कची शेपटी ओढल्यामुळे झालेले दंश हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

ज्ञानेंद्रिये : शार्क पाणबुड्याला पाहण्यापूर्वीच त्याची चाहूल घेऊ शकतो. कमी कंप्रतेच्या ध्वनींकडे शार्क आकर्षित होतात, हे डॉनल्ड नेल्सन व सॅम्युएल ग्रूबर यांनी १९६३ मध्ये प्रयोगाने दाखविले. जखमी, तडफडणाऱ्या माशाच्या हालचालींतून असेच तुटक ध्वनी निर्माण होतात. शरीराच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्विक रेखेमुळे पाण्यातील कंपने जाणवतात. गंधज्ञान तीव्र असते. मुस्कटावर लोरेंझिनी कुंभिका नावाची जेलीयुक्त सूक्ष्म रंध्रे असून त्यांच्याद्वारे इतर प्राण्यांच्या शरीरातील क्षीण विद्युत् क्षेत्र अगदी जवळून ओळखता येते. अनेक जातींना रंगभेद फारसा कळत नसावा, असे डोळ्यांच्या रचनेवरून दिसते; मात्र फिक्या व गडद छटांमधील तफावत त्यांना चांगली जाणवते. म्हणून चकाकणारे दागिने व ठळक विरोधी छटांचा पोशाख टाळावा असे सुचविले जाते.

धमकीदर्शक आविर्भाव : या विषयाचा पायाभूत अभ्यास पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी एनेवेटाक या कंकणद्वीपावर झाला. ग्रे रीफ शार्क या नावाने ओळखली जाणारी करड्या प्रवाळ-शार्कची जाती (शास्त्रीय नाव कार्कॅऱ्हिनस अँब्लिऱ्हिंकॉस) तेथे विपुल आढळते. या शार्कची लांबी सामान्यतः २ मी. हून कमी असते. रिचर्ड जॉन्सन व डॉनल्ड नेल्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, पाणबुडा वेगाने अंगावर आल्यास हा शार्क एक विशिष्ट आविर्भाव करतो. एरवी पोहताना त्याचे शरीर सरळ, अंसपक्ष जवळजवळ आडवे आणि शेपटीची हालचाल संथ असते. आविर्भावात मुस्कट वर उचलले जाते, पाठीला कमान येते, अंसपक्ष खाली दाबले जातात आणि संपूर्ण शरीर डावी-उजवीकडे अतिशयोक्त रीतीने हेलकावे घेऊ लागते. तीव्र अवस्थेत शार्क आडवा कलतो किंवा मळसूत्री वळणे घेतो. पाणबुड्याने निसटण्याचा मार्ग जितका अडविलेला असेल, तितकी या आविर्भावाची तीव्रता वाढते. अशा वेळी माघार न घेतल्यास शार्क एक-दोन चावे घेऊन झपाट्याने निघून जातो.

पुढे नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसापुरत्या छोट्या पाणबुडीतून या शार्कचा पाठलाग करून पाहिला, तेव्हा त्यांनी तिच्यावरही आविर्भावपूर्वक हल्ले केले (१९८६). खाद्य म्हणून निरुपयोगी असलेल्या यंत्रावरील या हल्ल्यांमुळे, अशा दंशामागे भूक नसून स्वसंरक्षण असते, या मताला पुष्टी मिळाली. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचा अनुभव सागरी चित्रपटकार माइक डीग्रुय यांना १९७८ मध्ये एनेवेटाक येथेच आला. आविर्भाव करणाऱ्या शार्कचे त्यांनी छायाचित्र घेतले आणि त्यानंतर त्याने केलेल्या हल्ल्यात त्यांच्या हाताला गंभीर इजा झाली. एडन मार्टिन यांच्या २००७ मधील आढाव्यात २३ जातींच्या शार्कमधील असे आविर्भाव नोंदविलेले असून अंसपक्ष खाली दाबणे हे त्यांतील सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र वळताना किंवा थांबतानाही शार्क अंसपक्ष क्षणभर खाली घेतो. त्यामुळे एकाच लक्षणावरून निष्कर्ष न काढता, ते टिकून राहते का व त्याच्या जोडीला पाठीची कमान आणि ताठर हालचाल दिसते का, हे पाहावे लागते.

इतर प्रकारचे वर्तन : सर्व हल्ले इशारा देऊन होत नाहीत. मोठा पांढरा शार्क बहुधा खालून किंवा मागून अनपेक्षितपणे भक्ष्यावर येतो. टायगर शार्क संथपणे जवळ येऊन वस्तूची चाचपणी करतो. वर्तुळाकार फेऱ्या घेणे हे स्वतः हल्ल्याचे चिन्ह नसून पुष्कळदा कुतूहलाचे असते. फेऱ्यांचा व्यास कमी होत जाणे, पोहण्याचा वेग अकस्मात वाढणे, हालचाली झटक्यांच्या होणे आणि वारंवार सरळ अंगावर येऊन वळणे ही मात्र पाण्यातून बाहेर पडण्याची वेळ झाल्याची चिन्हे होत. भाल्याने मारलेल्या माशाचे रक्त व तडफड यांमुळे अनेक शार्क एकत्र येऊन त्यांच्यात खाद्यासाठी चढाओढ लागते. १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत रॉडनी फॉक्स यांच्यावर मोठ्या पांढऱ्या शार्कने हल्ला केला. त्यातून वाचल्यावर त्यांनी पिंजऱ्यातून या शार्कचे निरीक्षण करण्याच्या पद्धतीला चालना दिली.

दक्षता : निमज्जन एकट्याने करू नये. पहाट, तिन्हीसांज व रात्र या वेळी, तसेच गढूळ पाण्यात व पावसानंतर नदीमुखाजवळ विशेष सावध राहावे. पाण्याच्या पृष्ठावर विनाकारण रेंगाळू नये किंवा हातपाय आपटू नयेत. शार्क दिसल्यास पाठलाग करू नये आणि त्याला स्पर्श करू नये. त्याची वाट प्रवाळभिंत, गुहा किंवा अरुंद खिंड यांच्या आणि स्वतःच्या मध्ये कोंडली जाणार नाही, अशी जागा घ्यावी. धमकीदर्शक आविर्भाव दिसताच पुढे जाणे व छायाचित्रण थांबवावे आणि शार्ककडे तोंड ठेवून संथपणे मागे सरावे. पाठ फिरवून घाईने पळू नये. पाठीशी प्रवाळभिंत असल्यास मागून येणाऱ्या शार्कपासून आडोसा मिळतो, मात्र शार्कला मोकळ्या पाण्याकडे जाता आले पाहिजे. गटाने असल्यास एकमेकांजवळ राहून सर्व दिशांवर नजर ठेवावी. शार्क फारच जवळ आल्यास छायाचित्रक किंवा तत्सम वस्तू मध्ये धरावी. मारलेले मासे कंबरेला बांधून ठेवू नयेत.

आमिष दाखवून शार्क जमविण्याची पर्यटनपद्धती बहामा बेटे, फिजी इ. ठिकाणी रूढ आहे. तेथे पाणबुड्यांनी आमिष व शार्क यांच्यामध्ये न येता मार्गदर्शकाने नेमलेल्या जागी, हात शरीराशी घेऊन थांबावयाचे असते. अशा प्रघाताने शार्कच्या मनात माणूस व खाद्य यांचा संबंध जुळतो की काय, याविषयी मतभेद आहेत. फ्लॉरिडा राज्याने आपल्या सागरी हद्दीत पाणबुड्यांनी शार्कना खाद्य देण्यास २००२ पासून बंदी घातली.

प्रतिबंधक साधने व उपचार : विद्युत् क्षेत्र निर्माण करून लोरेंझिनी कुंभिकांना उद्दीपित करणारी साधने उपलब्ध आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत पाच साधने मोठ्या पांढऱ्या शार्कवर तपासण्यात आली. सर्वांत परिणामकारक साधनामुळे आमिष पळविण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. म्हणजेच कोणतेही साधन पूर्ण संरक्षण देत नाही आणि त्याच्या भरवशावर दक्षता सोडणे घातक ठरते.

दंशानंतर मृत्यू ओढवतो तो मुख्यतः रक्तस्रावामुळे. जखमीस त्वरित पाण्याबाहेर काढून जखमेवर थेट दाब द्यावा व हातापायाचा रक्तस्राव न थांबल्यास जखमेच्या वरच्या बाजूस आवळपट्टी घट्ट बांधावी. किनाऱ्यावर पोहोचण्याची वाट न पाहता नावेतच हे उपचार सुरू करावेत. खोल पाण्यातून एकदम वर आल्यास रक्तात नायट्रोजनाचे बुडबुडे होण्याचा वेगळा धोका असल्याने, जीवघेणा रक्तस्राव नसेल तर नियमित वेगानेच वर यावे.

भारतातील स्थिती व संरक्षण : करडा प्रवाळ-शार्क भारतात लक्षद्वीप व अंदमान-निकोबार बेटांच्या प्रवाळभिंतींजवळ आढळतो. महाराष्ट्रात मालवण-तारकर्ली परिसरात हौशी निमज्जन चालते. तेथील पाणी प्रवाळबेटांभोवतीच्या पाण्यापेक्षा गढूळ असल्याने दुरून संकेत दिसण्यास मर्यादा पडते व गटाने राहण्याचे महत्त्व वाढते. भारतात व्हेल शार्क या सर्वांत मोठ्या व निरुपद्रवी माशाला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळाले.

शार्कपासून माणसाला असलेल्या धोक्यापेक्षा माणसापासून शार्कना असलेला धोका कितीतरी मोठा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनानुसार शार्क, पाकट व त्यांच्या निकटवर्ती माशांच्या एकतृतीयांशाहून अधिक जाती अतिमासेमारीमुळे विलुप्तीच्या वाटेवर आहेत. करड्या प्रवाळ-शार्कचीही संकटग्रस्त जातींत गणना होते. पलाऊने २००९ मध्ये आपल्या सागरी हद्दीत शार्कना अभय दिले, तर मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. दोन्ही ठिकाणी जिवंत शार्क पाहण्यासाठी येणारे पाणबुडे हे उत्पन्नाचे साधन आहेत. पाणबुड्याच्या अज्ञानातून झालेल्या प्रत्येक दंशानंतर शार्कविरुद्ध लोकमत प्रक्षुब्ध होते व सरसकट शिकारीची मागणी पुढे येते. त्यामुळे शार्कचे संकेत ओळखून वेळीच माघार घेणे हे पाणबुड्याच्या व शार्कच्याही संरक्षणाचे साधन ठरते.